चावीवरचा हात

"चावी कुठाय?"

"माझ्या हातात, आत्ती."

"आणि हात?"

"चावीवर."

"काम झाल्यावर?"

"भिंतीवरच्या खिळ्याला. मधे कुठंही टेकवायची नाही. मशीनच्या बेडवर नाही, खिशात नाही, ओच्यात नाही."

"चहा आला तर?"

"चहा गार होऊ दे. आधी चावी खिळ्याला."

खंडेनवमीची दुपार होती. आमच्या इचलकरंजीतल्या घराच्या मागच्या शेडमध्ये मी लेथ रॉकेलने धूत होते आणि माझी सून रंजना शेजारी उभी राहून उत्तरं देत होती. वर्षभर हेच चाललं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला लेथ आणि मिक्सर यांतला फरक माहीत नव्हता. पंधराव्या दिवशी मला येऊन म्हणाली, "आत्ती, मला हे शिकवा." मी म्हटलं, "एक वर्ष नुसतं बघायचं, झाडायचं, पुसायचं. पुढच्या दसऱ्याला मुहूर्ताचा जॉब तुझा. पण मधे एकदा चुकलीस, तर परत नाव काढायचं नाही." उद्या तो दसरा होता.

लेथ ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना सांगते. एका टोकाला चक असतो. चक म्हणजे मशीनची मूठ. तिच्यात लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा पकडायचा, त्याला जॉब म्हणायचं. मूठ फिरते, तिच्याबरोबर जॉब फिरतो, आणि आपण टूल लावून तो कापत जातो. मूठ आवळायला इंग्रजी टी अक्षरासारखी एक चावी लागते, वजनाला चांगली किलोभर. चक आवळला की चावी काढायची. काढली नाही आणि मशीन सुरू झालं, तर ती चावी कुठं जाईल ते देवालाही सांगता येत नाही.

आमच्या मालकांना ते कळलं. त्यांच्या भागीदाराने चक आवळला, चावी तशीच ठेवली आणि तंबाखू मळायला दारात गेला. मालकांनी पलीकडून येऊन बटण दाबलं. डावा डोळा गेला. माझा मुलगा विलास तेव्हा माझ्या कडेवर होता. एका डोळ्याने माप नीट दिसेना, म्हणून मी शेजारी उभी राहून व्हर्नियर वाचायला लागले. चौथीपर्यंतचे आकडे मला येत होते, तेवढे पुरले. मग टूल लावायला लागले, मग आटे पाडायला. मालक शेवटी म्हणायचे, "आता मी तुझा हेल्पर." त्यांनी शेडमध्ये एकच कायदा ठेवला होता. चावी चकात असताना ज्याचा हात सुटला, तो माणूस या मशीनवरून सुटला. कायमचा. नातं बघायचं नाही, नोकरी बघायची नाही. मालक गेल्यावर तो कायदा मी चालवला. बाळकूला विचारा.

बाळकू आमच्याकडे बारा वर्षं होता. मागाचे बुश, म्हणजे मागाचा दांडा ज्यात फिरतो त्या पितळी नळ्या, तो असे काढायचा की गिऱ्हाईक दुसऱ्या कोणाला कामाला हात लावू द्यायचं नाही. एका सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. त्याने कप घेतला, आणि त्याच्या मागे चकात चावी उभी.

"बाळकू, कप खाली ठेव. डबा उचल."

"आक्का, मशीन बंद हाय की."

"मालकांचं पण बंदच होतं. चालू केल्यावर डोळा गेला."

त्याने कप खाली ठेवला. डबा उचलला, चप्पल घातली, निघाला. पण त्या वर्षीच्या दसऱ्याला नारळ घेऊन आला, मशीनच्या पाया पडला आणि गेला. पुढच्या वर्षी पण. मी ठेवून घेईन अशी त्याला आशा असावी, असं विलास म्हणायचा. मी म्हणायचे, आशेवर चक आवळत नाहीत.

तर रंजनाचं शिक्षण. पहिल्या दिवशीच घरात भांडण. तिच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा, आणि मी म्हटलं, "काढून डब्यात ठेव." माझी नणंद हिराबाई, दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिच्या कानावर गेलं. आली तरातरा.

"वैनी, सवाष्ण पोरीचे हात मोकळे करता होय?"

"वन्सं, बांगड्या परत भरून मिळतात. मनगट भरून देणारा कासार अजून बघितला नाही मी."

मंगळसूत्र पोलक्याच्या आत, वर पिन. पदर कमरेला घट्ट, केसांचा अंबाडा. हातमोजे अजिबात नाहीत. नव्या माणसाला वाटतं मोज्याने हात वाचतो. मोजा अडकला की तो हाताला घेऊनच आत जातो. जॉबवरून कातरलेली पितळेची तार गुंडाळत बाहेर येते, दिसायला सोन्यासारखी, तिला बोट लावायचं नाही, आकड्याने ओढायची. टूल बरोबर सेंटरच्या उंचीला, आणि जेवढं बाहेर हवं तेवढंच बाहेर. लांब काढलं की ते थरथरतं आणि जॉबवर लाटा उठतात. माप घेताना मशीन बंद. पहिला कट केसाएवढा. खाली फरशीवर तेल सांडो, पाणी सांडो, आधी पुसायचं, मग बाकीचं. आणि बटण दाबायच्या आधी चक हाताने एक फेरा पूर्ण फिरवायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लागतं.

"आणि आत्ती, कोणी चुकत असेल तर?" एकदा तिने विचारलं.

"मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नाही. हाक मारली की तो वळून बघतो, आणि हात तिथंच राहतो. सरळ जायचं आणि भिंतीवरचा विजेचा मेन खाली ओढायचा. शिव्या नंतर खायच्या."

ती पोरगी वहीत लिहून घ्यायची. मी हसायचे. मी आयुष्यात मशीनची एक ओळ लिहिली नव्हती.

दसऱ्याला सकाळी आठलाच माणसं जमली. विलास सूतगिरणीत हजेरी-कारकून, त्याची सुट्टी. हिराबाई आणि तिच्या दोन सुना. गल्लीतली चार माणसं. दाराशी बाळकू, हातात नारळ, आत न येता उभा. मी त्याला बघितलं आणि नाही बघितलं.

मशीन उजळ दिसत होतं. पाटावर हातोडी, व्हर्नियर, टूल ओळीने मांडलेले, त्यावर हळदीकुंकू. मुहूर्ताचा जॉब म्हणजे मागाचा पितळी बुश. मी तो चकात धरला आणि चावीने आवळायला लागले. आवळणं माझं, कापणं रंजनाचं, असं ठरलं होतं. मशीन एकदा चालू करून दाखवायचं तेवढं मी ठेवलं होतं. ते मालक गेल्यापासून मीच करायचे.

तेवढ्यात हिराबाईने आरतीचं ताट उचललं आणि माझ्या समोरून रंजनाकडे सरकवलं. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं म्हणाली, "सवाष्णीच्या हातनं होऊ दे गं. वैनींनी बाकीचं बघावं."

बाकीचं म्हणे. एकवीस वर्षं मी त्या मशीनवर उभी होते, आणि त्याला ओवाळायला माझं कपाळ बघायचं. मी ताट मधेच घेतलं.

"वन्सं, कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही ते मशीनला कळत नाही. त्याला फक्त तेल घातलेलं कळतं."

सुना तोंडाला पदर लावून हसल्या. मी आरती म्हटली, खणखणीत म्हटली. हिराबाईने झेंडूचा हार उचलला आणि चकावर टाकला. गिअर मोकळा होता, चक थोडा फिरला. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बाईला हार कुठं घालायचा तेही कळत नाही. विलासने मशीनच्या पायाशी नारळ फोडला, पाणी फरशीवर पसरलं.

आरती संपली. मी ताट ठेवलं, चकावरचा हार काढून बाजूला टांगला, गिअर टाकला. सगळे माझ्याकडे बघत होते. हिराबाई सगळ्यांत जास्त. मी पदर खोचला, मान ताठ केली आणि बटणाकडे हात नेला.

बटण दाबलं. काही झालं नाही.

परत दाबलं. मशीन मुकं.

मागे बघते तर रंजना भिंतीजवळ, हात मेनच्या दांड्यावर, आणि दांडा खाली ओढलेला. तिच्या दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं.

"अगं अवदसे," हिराबाई म्हणाली, "दसऱ्याच्या दिवशी वीज तोडलीस? सासूच्या हाताखालनं?"

"चुकून ओढला गेला, आत्याबाई."

चुकून. मेनचा दांडा चुकून ओढला जात नाही, त्याला दोन्ही खांद्यांचं बळ लागतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षभर मी लोकांना सांगत होते, माझी सून माझ्यासारखी होणार, आणि सगळ्या गल्लीसमोर हे.

"आजचा जॉब गेला तुझा," मी म्हटलं. "ऐकलंस? गेला. चढव मेन."

रंजनाचा चेहरा उतरला. वर्षभर ती पहाटे उठून शेड झाडत होती ती याच जॉबसाठी, ते तिला माहीत होतं आणि मलाही. पण तिने मेन चढवला नाही. माझ्याजवळ आली, फडकं पिळल्यासारखं दोन्ही हातांत धरून, आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "गेला तर गेला. आत्ती, आधी एक फेरा हातानं."

माझंच वाक्य मला शिकवते. मी रागाने गिअर मोकळा केला, चकावर हात टाकला आणि फिरवला, असा की बघ, काय आहे ते बघ.

चक फिरला. बेडला, म्हणजे मशीनच्या लांब पाटाला, चकाखाली एक खाच असते, तिथून, पलीकडच्या बाजूने, चावी वर आली. हळदीची बोटं उठलेली चावी. माझीच बोटं.

ताट घ्यायला हात गेला तेव्हा चावी चकातच राहिली होती. हाराच्या वजनाने चक फिरला आणि ती खाली गेली. वरून बघणाऱ्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. खाली बसून नारळाचं पाणी पुसणाऱ्याला दिसली.

चावी सगळ्यांनी बघितली, पण कळलं कोणाला? हिराबाई म्हणाली, "सापडली ना चावी? मग लावा की मशीन. मुहूर्त चाललाय." तिच्या लेखी चावी ती चावी, कपाटाची काय, मशीनची काय. विलासला कळलं, तो खाली बघायला लागला. रंजनाला कळलं होतंच. आणि दारात बाळकू. त्याने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या नारळाकडे बघितलं आणि नारळाची शेंडी नीट करत बसला. जन्मात नारळ न बघितल्यासारखा.

तेवढ्या वेळात मला सगळं सुचलं. चावी काढायची, खिळ्याला लावायची, म्हणायचं, चला, मेन चढवा. रंजना बोलणार नव्हती. तिने सगळ्यांसमोर चूक अंगावर घेतली होती, जॉब सोडला होता, ती काय बोलणार. बाळकू बोलणार नव्हता. हिराबाईला कळणार नव्हतं. माझं नाक शाबूत राहणार होतं, आणि माझं नाक काय लहान नाही.

मी चावी काढली. हातात धरून दाराकडे वळले.

"बाळकू, आत ये."

तो चप्पल काढून आत आला.

"त्या दिवशी तुला काय म्हटलं होतं मी?"

"जाऊ द्या, आक्का. सणाचा दिवस हाय."

"काय म्हटलं होतं?"

"डबा उचल म्हणालात."

"का?"

त्याने नारळ दुसऱ्या हातात घेतला. विलास पुढे झाला. "आई, कोणाला काही लागलं नाही ना? झालं मग."

"तुझ्या वडलांना पण बटण दाबेपर्यंत काही लागलं नव्हतं." मी हिराबाईकडे वळले, कारण तिलाच कळलं पाहिजे होतं; ती गल्लीत सांगणार, तर बरोबर सांगू दे. "वन्सं, ही चावी मी चकात विसरले. मशीन चालू झालं असतं तर ती उडाली असती. तुम्ही बरोबर समोर उभ्या होता. या पोरीने मेन ओढला म्हणून तुम्ही आता मला बोल लावायला शिल्लक आहात."

हिराबाई एक पाऊल मागे सरली, मग चकाकडे बघून अजून एक.

"हिने चूक केली नाही, माझी झाकली," मी म्हटलं. "आणि या शेडमध्ये कायदा एकच आहे. चावी चकात असताना ज्याचा हात सुटला, तो या मशीनवरून सुटला. बाळकू सुटला, तो काय माझा दुश्मन होता?"

"आत्ती," रंजना म्हणाली, "तुम्ही हे मशीन सोडणार?"

"सोडणार काय? सोडलं. धर."

मी चावी तिच्या हातात ठेवली. तिने ती घेतली, पण पहिलं काम काय केलं, तर भिंतीशी जाऊन खिळ्याला लावली. तेव्हा मला समाधान वाटलं. मग तिने हातातल्या दोन बांगड्या काढून डब्यात टाकल्या, मंगळसूत्र आत घालून पिन लावली, पदर खोचला, चक एक फेरा हाताने फिरवला. सगळं सावकाश. विलासने मेन चढवला. तिने बटण दाबलं आणि मशीन फिरायला लागलं.

मी दोन्ही हात पाठीमागे धरले. नाहीतर ते पुढे गेले असते. टूल जॉबला टेकलं, पितळेची पहिली तार सुटली. रंजना जरा घाबरून कट घेत होती, मला राहवेना.

"एवढा बारीक नको, थोडं आत..."

"आत्ती," मान न वळवता ती म्हणाली, "मशीनवरच्या माणसाशी बोलू नका."

बाळकूला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं.

बुश निघाला. मशीन बंद करून, चक थांबल्यावर तिने व्हर्नियर लावला आणि मला दाखवला. मी बघितला. बरोबर होता. पुसून पाटावर ठेवला, वर हळदीकुंकू लावलं. हिराबाईने रंजनाच्या तोंडात पेढा घातला, आणि मग, थोडा वेळ घेऊन, एक माझ्याही हातावर ठेवला.

माणसं पांगल्यावर मी रंजनाला विचारलं, "ओरडली का नाहीस? एक हाक मारली असतीस."

"हाक मारली असती तर तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं, आणि हात बटणावरच राहिला असता. तुम्हीच सांगितलंय."

बाळकू नारळ ठेवून निघाला होता. मी त्याला दारात गाठलं. म्हटलं, "परत येतोस का? मशीन आता हिचं आहे. हिला विचारू आपण."

"नको, आक्का. कारखान्यात लागलो, तिकडं पर्मनंट झालोय." मग चपलेत पाय घालता घालता म्हणाला, "तिकडं चाव्या चकातच असत्यात. सकाळी लवकर जाऊन सगळ्या मशिनींच्या मीच काढून ठेवतो. लोक म्हणत्यात, याला याड लागलंय."

"त्यांना म्हणावं, माझ्याकडे एक वर्ष झाडू मारा."

"म्हणतो," तो म्हणाला आणि गेला.

त्या दसऱ्याला आता तेवीस वर्षं झाली. त्यानंतर त्या मशीनचं बटण मी दाबलेलं नाही. पुसते, तेल घालते, शेजारी स्टुलावर बसते. रंजनाने शेड वाढवली. आता घरी छोटं लेथ घेणारी माणसं तिच्याकडे शिकायला येतात. कोणी रिटायर झालेला बँकेतला साहेब असतो, कोणी शेताचं सामान स्वतः दुरुस्त करणारा, दोन बायका पण आल्या. मोबाईलवर बघून येतात आणि हातमोजे घालून येतात. मी स्टुलावरून पहिल्या दिवशीच मोजे काढायला लावते, मग घड्याळ, मग अंगठी, मग गळ्यातली साखळी. कोणाला राग येतो. येऊ दे, राग गेल्यावर बोटं असतात.

परवा त्यातल्या एका बाईने विचारलं, "आजी, तुम्हाला एवढं येतंय, मग तुम्ही स्वतः का नाही चालवत?"

मी तोंड उघडायच्या आत चक पुसता पुसता रंजना म्हणाली, "आत्तींचे डोळे कमी झाले ना आता."

तेवीस वर्षं ती हेच सांगत आली आहे. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, जो कोणी विचारेल त्याला. मी त्या बाईला म्हटलं, "इकडे ये." तिच्या झग्याची बाही उसवून लोंबत होती, मशीनवर चालणारी नव्हती. मी कमरेच्या पिशवीतली सुई काढली, दोरा उजेडाकडे धरला आणि पहिल्या फटक्यात ओवला. मग तिची बाही शिवता शिवता तिला सांगितलं, त्या दसऱ्याला चावी कुठं होती ते.